दहावीचा अडसर पाचवीत असतो

(सेवावस्त्यांमध्ये अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण वर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावीच्या निकालाच्या दिवशी वस्तीत पेढे वाटणारी घरे सर्वांना दिसतात. वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार तेथे जातात, चौकात फलक लागतात, नगरसेवक सत्काराला येतात. त्याच गल्लीत एखाद्या घराचे दार त्या दिवशी अर्धवट लोटलेले असते. आत बसलेल्या मुलाला कोणते विषय अडले असे विचारले तर बहुधा दोनच नावे ऐकू येतात, इंग्रजी आणि गणित. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत त्या घराचा निर्णय होऊन जातो. मुलगा असेल तर गॅरेजवर किंवा एखाद्या दुकानात चिकटतो. मुलगी असेल तर ‘शिक्षण काही तिच्या नशिबात नव्हते’ असे म्हणत स्थळे पाहण्याचा विषय निघतो. आयटीआयच्या बहुतेक व्यवसायांना दहावी उत्तीर्ण असणे लागते, परिचर्येचा अभ्यासक्रम आणि पोलीस भरती यांना तर बारावी लागते. दोन विषयांतील काही गुणांनी एका घराची पुढची पंचवीस वर्षे ठरून जातात. अभ्यासिकेचे काम या ठिकाणी सुरू होते आणि म्हणूनच ते केवळ परोपकाराचे काम मानता येत नाही.

निकालाच्या टक्केवारीवरून या प्रश्नाचा अंदाज येत नाही, हेही प्रारंभीच ध्यानात घेतलेले बरे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो एकदम ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी इतकी खाली-वर झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांतील २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन काढून टाकण्यात आले होते, पुढच्या वर्षी ते परत आले, आणि त्याच वर्षी करोनामुळे भूगोलाची प्रश्नपत्रिका घेताही आली नाही. २०२१ साली तर लेखी परीक्षाच रद्द झाली आणि निकाल लागला ९९.९५ टक्के! गुण देण्याची रीत बदलली की आकडा बदलतो. मुलाला भागाकार येतो की नाही, हे त्या आकड्यात कोठेच लिहिलेले नसते.

ते कोठे दिसते? ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २०२३ साली देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे साधे उदाहरण त्यांच्यापैकी केवळ ४३.३ टक्के जणांना सोडविता आले. इंग्रजीतील साधी वाक्ये ५७.३ टक्क्यांना वाचता आली. स्वतःच्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा सुमारे एक चतुर्थांश मुलांना सराईतपणे वाचता येत नव्हता. म्हणजे दहावीच्या वर्गातील बाकावर बसलेल्या अनेक मुलांची गाडी खरोखर तिसरी-चौथीच्या फाटकापाशी थांबलेली आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. त्यामागील हेतू चांगला होता. मूल शाळेतून बाहेर फेकले जाऊ नये, एवढाच तो होता. परंतु मागे न ठेवण्याबरोबर मागे राहिलेले भरून काढणेही अपेक्षित होते, आणि ते पुष्कळ ठिकाणी झाले नाही. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेची वाट पुन्हा मोकळी झाली. त्याचा लाभ आज पाचवीत असलेल्यांना होईल. आज नववी-दहावीत असलेल्यांचे काय, हा प्रश्न अभ्यासिकेच्या दारात उभा आहे.

म्हणून अभ्यासिकेतील पहिला आठवडा दहावीचे पुस्तक न उघडता गेला पाहिजे. हे ऐकून पालक अस्वस्थ होतात, कार्यकर्तेही होतात. ‘अभ्यासक्रम केव्हा संपवायचा?’ असे विचारतात. अभ्यासक्रम शाळेत संपतच असतो. तो संपूनही मुलाला काही येत नाही, म्हणून तर मूल अभ्यासिकेत आले आहे. पहिल्या दिवशी दहा उदाहरणे द्यावीत. हातच्याची वजाबाकी, मोठा भागाकार, दोन व्यवहारी अपूर्णांकांची बेरीज, दशांश चिन्हाचा गुणाकार, ऋण संख्या, शेकडेवारी. गुण देऊ नयेत. उत्तर चुकले तर ते कसे काढले एवढेच विचारावे आणि मुलाचे बोलणे शांतपणे ऐकावे. दुखणे त्या बोलण्यातून कळते.

एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असे विचारले तर कितीतरी मुले दोन पंचमांश असे उत्तर देतात. वरचे अंक मिळविले, खालचे अंक मिळविले, काम झाले. येथे समच्छेदाचा नियम पुन्हा पाठ करून घेण्याने काही साधत नाही, तो आधीही पाठ झालेला होताच. एक भाकरी घ्यावी. अर्धी भाकरी ताटात ठेवली. तिच्यात आणखी एक तिसरा हिस्सा घातला. आता ताटात अर्ध्याहून अधिक भाकरी असणार की कमी? दोन पंचमांश म्हणजे अर्ध्याहून कमी. भाकरी घातली आणि ताटातली भाकरी कमी झाली, हे कसे? हे मुलाला स्वतःला खटकले पाहिजे. एकदा ते खटकले की भाकरीचे सहा समान भाग करण्याची गरज त्यालाच वाटू लागते आणि पाच षष्ठांश हे उत्तर त्याचे स्वतःचे होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे घोकले जात. बाजारात उभ्या-उभ्या हिशेब करणारी ती माणसे अपूर्णांकाला भ्यायली नाहीत. ते पाढे जसेच्या तसे परत आणावेत असे नाही, पण पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द प्रत्येक मराठी मुलाच्या तोंडी आजही आहेत. त्या शब्दांचा हात धरून अपूर्णांकांपर्यंत जाता येते.

ऋण संख्यांचेही तसेच आहे. उणे तीन उणे पाच बरोबर किती? ‘मायनस मायनस प्लस’ हा मंत्र मुलाने कोठूनतरी उचललेला असतो आणि तो म्हणतो, आठ. गुणाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीला लावला गेला. किराणा दुकानात तीन रुपयांची उधारी होती, आज आणखी पाच रुपयांची झाली. आता आठ रुपये दुकानदार देणार की आपण देणार? ज्या घरातील मूल महिन्याच्या अखेरीस स्वतः उधारीची वही घेऊन दुकानात जाते, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गणिताच्या वहीत आणि उधारीच्या वहीत तेच लिहिलेले असते, हे मात्र त्याला कोणी सांगितलेले नसते.

बीजगणितात सर्वांत अधिक गुण जातात ते दोन पदांच्या बेरजेच्या वर्गात. तीन अधिक दोन यांचा वर्ग म्हणजे नऊ अधिक चार, तेरा, असे मुलगा लिहितो. पाच पंचे पंचवीस त्याला चांगले ठाऊक असते, पण अक्षरे आली की अंक विसरले जातात. अंगणात खडूने पाच वीत बाजूचा चौरस काढावा. प्रत्येक बाजूवर तीन आणि दोन असे भाग पाडून रेषा माराव्यात. एक मोठा चौरस नऊचा, एक लहान चौरस चारचा, आणि कोपऱ्यांत राहिलेले दोन आयत सहा-सहाचे. तेरात बारा मिळविले की पंचवीस. ते दोन आयत विसरले जातात, म्हणून सूत्र चुकते. ज्याने ते खडूने काढले, तो विसरत नाही.

अशी पायाभरणी जूनपासून दिवाळीपर्यंत चालली तरी वेळ वाया गेला असे समजू नये. पाया झाल्यावर दहावीतील प्रकरणे वाटतात तितकी कठीण राहत नाहीत. गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका ४०-४० गुणांच्या असतात, प्रत्येकीला दोन तास मिळतात, आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. पहिल्या भागातील अंकगणिती श्रेढी, संभाव्यता, सांख्यिकी, अर्थनियोजन ही प्रकरणे साधा हिशेब नीट येणाऱ्या मुलाच्या आवाक्यातील आहेत. पहिल्या दिवशी १० रुपये बाजूला टाकले आणि रोज २ रुपये वाढवीत गेले, तर विसाव्या दिवशी किती टाकावे लागतील आणि एकूण किती साठतील? विसाव्या दिवशी ४८, एकूण ५८०. बचत गटातील आईच्या मुलीला यात परके असे काही वाटत नाही. दुसऱ्या भागातील भौमितिक रचना तर हाताला वळण असलेल्या मुलाला गुणांची खाणच आहे. गवंड्याच्या, सुताराच्या, शिंप्याच्या घरातील मुलांचे हात येथे अनेकदा इतरांपेक्षा सरस ठरतात. वर्गसमीकरणे आणि त्रिकोणमिती यांना नंतर हात घालावा, आणि ज्या मुलाची तयारी नाही त्याला तेथे ढकलू नये.

भूमितीची प्रमेये पाठ करण्याची एक विचित्र प्रथा पडली आहे. आकृतीला पुस्तकात जी अक्षरे आहेत तीच मुलगा घोकतो, प्रश्नपत्रिकेत अक्षरे बदलली की सिद्धता कोसळते. उपाय साधा आहे. रोज तेच प्रमेय वेगळ्या अक्षरांनी, आकृती उलटी-पालटी करून काढावयाचे. पक्ष काय, साध्य काय, हे आधी तोंडाने मराठीत सांगावयाचे आणि मगच लेखणी उचलावयाची. पायथागोरसच्या प्रमेयापाशी कार्यकर्त्याला शुल्बसूत्रांची आणि बौधायनाची आठवण होते. आयताच्या कर्णाविषयीचा तो नियम आपल्याकडे यज्ञवेदी रचण्याच्या निमित्ताने फार पूर्वी मांडला गेला होता, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. तिने वर्गात एक चैतन्य येते. मात्र ती सांगून झाल्यावर मुलाला काटकोन त्रिकोण काढता आला नाही, तर त्या अभिमानाचा त्याला परीक्षेत काय उपयोग? त्यापेक्षा त्याच्या वडिलांना बोलवावे. बांधकामावरचा गवंडी भिंतीचा काटकोन तपासताना एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मापतो आणि तिरके अंतर बरोबर पाच फूट भरते का ते पाहतो. मुलाने वडिलांकडून ते एकदा करून घ्यावे. बौधायन आणि वडील यांच्यामध्ये काही नाते आहे, हे त्याला त्या दिवशी न सांगता कळेल.

आता सेमी-इंग्रजीचा विषय. मराठी शाळेत राहून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकण्याची ही सोय अनेक पालकांना मध्यममार्ग वाटते. ज्याला झेपते त्याने ती घ्यावी. पण ज्याला झेपत नाही, त्याला गणितात दोनदा शिक्षा होते, एकदा गणिताची आणि एकदा भाषेची. आपल्याकडे पंच्याऐंशी म्हणताना पाच आधी उच्चारला जातो, इंग्रजीत आठ दशके आधी येतात. एकोणसत्तरमध्ये तर सत्तराला एक कमी असा विचार दडलेला आहे. घरी एकोणसत्तर आणि शाळेत सिक्स्टी नाइन असे दोन मार्ग एकाच डोक्यात घेऊन मूल चालते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचविले गेले तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले! त्या बदलाविषयी कोणाचे काहीही मत असो, त्यामागची अडचण खरी होती. अभ्यासिकेत यावर एकच पथ्य पाळावे. समजून घेणे मराठीत, लिहिणे शाळेच्या माध्यमात. ‘आयसोसिलीस’ या शब्दात मुलाला काहीच दिसत नाही. ‘समद्विभुज’ म्हटले की सम, दोन, भुजा हे तिन्ही शब्द समोर उभे राहतात. सगळेच मराठी पारिभाषिक शब्द इतके बोलके नाहीत हेही खरे. ‘महत्त्वमापन’ ऐकून घनफळ डोळ्यांपुढे कोणाच्या येत असेल?

इंग्रजीकडे वळताना एक शंका दूर केली पाहिजे. आपल्या विचारांच्या काही घरांत इंग्रजीकडे पाहण्याची दृष्टी थोडी अवघडलेली असते. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्याने इंग्रजीसाठी एवढा खटाटोप का करावा? विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि लोकमान्य टिळक यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात जी शाळा काढली, तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल असेच ठेवले. मराठी गद्याला तेज देणारा ‘निबंधमाला’कार त्या शाळेचा संस्थापक होता, यात त्याला काही विसंगती वाटली नाही. इंग्रजी येत नाही म्हणून ज्याचे शिक्षणच थांबते, त्याच्या मराठीचेही काही भले होत नाही.

मराठी मुलाला इंग्रजी अवघड का जाते, याचा विचार अभ्यासिकेत फारसा होत नाही. मार्गदर्शकातील निबंध पाठ करून घेतले जातात. पण दोन भाषांची घडणच वेगळी आहे आणि ती मुलाला उघड करून दाखविता येते. आपण ‘मुलगा आंबा खातो’ म्हणतो, क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते मधे येते. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘वर’ हा शब्दाच्या मागे येतो. इंग्रजीत ‘ऑन’ पुढे येते. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पुस्तक आहे’, ‘घराला चार दारे आहेत’, ‘त्याला ताप आहे’, या चारही वाक्यांत मराठी मुलाला ‘आहे’ दिसते, म्हणून तो ‘इज’ किंवा ‘आर’ लिहितो. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागते. ‘ए’, ‘ॲन’, ‘द’ यांना तर मराठीत जोडच नाही, म्हणून ते गळतात. आणि प्रयोगाची गंमत पाहावी. ‘रामाने आंबा खाल्ला’ हा मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोग. त्याच वाक्याचे सरळ इंग्रजी केले तर ते ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ होते. मराठीच्या तासाला एक आणि इंग्रजीच्या तासाला दुसरे शिकलेला प्रामाणिक मुलगा येथे हमखास गोंधळतो, आणि आपण मठ्ठ आहोत अशी समजूत करून घेतो. हा गोंधळ दोन भाषांच्या स्वभावातला आहे, एवढे जरी त्याला सांगितले तरी त्याची अर्धी भीती जाते.

स्पेलिंगचेही दुःख मोठे. देवनागरीत बहुधा जसे बोलतो तसे लिहितो. इंग्रजीत सरदार या अर्थाचा ‘नाइट’ लिहिताना आरंभी के येतो, मधे जी आणि एच येतात, आणि यांतील एकाचाही उच्चार नसतो. रोज पाच शब्द, तेही त्या दिवशी वाचलेल्या उताऱ्यातील, यापेक्षा अधिक लादू नयेत. पाच शब्द रोज याप्रमाणे दोनशे दिवसांत हजार शब्द होतात.

जुन्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकून घेतले. पुढे भाषांतर पद्धतीला जुनाट ठरवून ती वर्गातून हद्दपार झाली. शहरी, इंग्रजी कानावर पडणाऱ्या घरांपुरते ते ठीक होते. ज्या घरात इंग्रजीचा एक शब्द बोलला जात नाही, तेथे मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्याकडे जाण्याचाच पूल शिल्लक राहतो. रोज दहा वाक्ये इकडून तिकडे आणि तिकडून इकडे करावीत. मराठी माध्यमाच्या तृतीय भाषेच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतराला आजही स्थान आहे, तेवढा लाभ वेगळाच.

दहावीच्या इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची असते. तिच्यातील मोठा भाग उताऱ्यांवर उभा आहे आणि उताऱ्याचे उत्तर उताऱ्यातच असते. म्हणजे ज्याला सावकाश का होईना वाचता येते, तो नापास होण्याचे कारण नाही. म्हणून अभ्यासिकेत रोज पंधरा मिनिटे मोठ्याने वाचन हवे. प्रत्येकाने वाचावे, चुकत वाचावे, कोणी हसू नये. हसण्याची बंदी हा अभ्यासिकेचा सर्वांत कडक नियम असावा. एका मुलीला तिच्या उच्चाराला वर्ग हसला म्हणून ती पुढे वर्षभर तोंड उघडत नाही, असे घडते. पत्रलेखन, माहितीचे रूपांतर, संवाद यांचे ठरावीक आराखडे दिवाळीनंतर करून घ्यावेत, त्यांना फार वेळ लागत नाही.

अभ्यासाच्या जागेचा प्रश्न नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब मुंबईत आले तेव्हा परळमधील चाळीतील एका खोलीत राहत होते. त्या खोलीत भांडीकुंडी, सरपण, माणसे, सर्व काही एकत्र. वडील सुभेदार रामजी सकपाळ रात्री दोनपर्यंत जागत. तोवर मुलगा झोपून घेई. दोनच्या सुमारास ते मुलाला उठवीत, त्याच्या जागी स्वतः आडवे होत आणि मुलगा दिव्यापाशी अभ्यासाला बसे. इंग्रजी पक्के व्हावे म्हणून रामजींनी त्याच्याकडून हॉवर्डची इंग्रजी क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतरे कसून करून घेतली. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून तो मुलगा मॅट्रिक झाला. रामजी सैनिकी शाळेत शिक्षक होते, त्यांना काय शिकवावे ते ठाऊक होते. आपल्या वस्तीतील बहुतेक वडिलांना ते ठाऊक नाही. रात्री जागण्याची त्यांची तयारी मात्र असते. कार्यकर्त्याने घरी जाऊन त्यांना एवढेच सांगावे की संध्याकाळी सात ते नऊ दूरदर्शन संच बंद ठेवा आणि मुलीला त्या वेळात पाण्याला, धाकट्या भावंडांना सांभाळायला पाठवू नका. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड आहे. तिच्यासाठी वस्तीतील भगिनींनी आईशी बोलावे लागते, आणि एकदा बोलून भागत नाही.

शिकविणारा कोण असावा? सायंशाखेवर येणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी उत्साही असतो, पण गणितात कधी अडखळलेला नसतो. समोरच्या मुलाला का कळत नाही, हेच त्याला कळत नाही. तो भराभर फळा भरतो. त्याला ‘आता तू बोलू नकोस, त्याला बोलू दे’ असे सांगावे लागते. निवृत्त बँक अधिकारी, घरकाम आटोपून येणारी पदवीधर गृहिणी, यांच्याकडे धीर अधिक असतो. विद्वत्तेपेक्षा हजेरी महत्त्वाची. कार्यकर्ता लागोपाठ दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी मुले येत नाहीत. एका कार्यकर्त्याकडे सात-आठ मुलांहून अधिक नकोत. चाळीस मुलांची अभ्यासिका वृत्तान्तात शोभून दिसते, पण ती शाळेचाच दुसरा वर्ग होऊन बसते.

अलीकडे परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू होऊ लागली आहे. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीला सुरू झाली. पूर्वीचा मार्चचा हिशेब आता चालत नाही. जानेवारीत घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. जे येते ते आधी, हे वळण तेथेच लागते. हुशार मुलेही अवघड उदाहरणाला चिकटून बसतात आणि खालचे सोपे सोडून येतात.

आणि कॉपीचा विषय टाळून चालणार नाही. परीक्षा केंद्राच्या भिंतीवर चढून चिठ्ठ्या टाकणारे तरुण बहुधा त्याच वस्तीतले असतात, कधी मुलाचे मामा, काका, थोरले भाऊ. त्यांना ते उपकारच वाटतात. नांदेड जिल्ह्यात २००९-१० च्या सुमारास प्रशासनाने कॉपीमुक्त परीक्षेची मोहीम हाती घेतली, पुढे तिचे राज्यभर अनुकरण झाले. अशा वेळी अभ्यासिकेच्या कार्यकर्त्याकडे लोक येतात, ‘तुमची मुले आहेत, जरा सांभाळून घ्या’ असे सुचवितात. त्याने स्पष्ट नाही म्हणावे, आणि हे नाही परीक्षेच्या आदल्या दिवशी नको, जूनमधल्या पहिल्या पालकसभेतच सांगून टाकावे. चिठ्ठीवर उत्तीर्ण झालेला मुलगा अकरावीच्या पहिल्या चाचणीत उघडा पडतो आणि मग शिक्षणाचाच तिटकारा करू लागतो. ज्याने स्वतःच्या बळावर ३८ गुण आणले, तो अकरावीत ४५ आणण्याची हिंमत धरतो.

निकालाच्या दिवशी कार्यकर्त्याने कोठे जावे, हेही आजच ठरवून ठेवावे. पेढ्यांची घरे संध्याकाळी. सकाळी निकाल हाती येताच आधी त्या घरी जावे, जेथे एक-दोन विषय राहिले आहेत. वडिलांचा हात उगारला जाण्यापूर्वी, शेजाऱ्यांनी विचारपूस सुरू करण्यापूर्वी. पुरवणी परीक्षा काही आठवड्यांवर असते, एक-दोन विषय राहिलेल्याला अकरावीत सवलतीने प्रवेशाचीही तरतूद आहे, हे त्या घरातील कोणालाही बहुधा ठाऊक नसते. गुणपत्रिका समोर ठेवून कोणत्या भागात किती गुण गेले ते मुलाबरोबर पाहावे, पुरवणीचा अर्ज भरण्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी, आणि उद्या संध्याकाळी सातला अभ्यासिकेत ये, एवढे सांगून निघावे.